कोपऱ्यातल्या चार ओळी

सकाळी ६.३०

तुमसर मागं पडलं आणि गोबरवाहीचा रस्ता लागला की दोन्ही अंगाला धानाच्या बांध्या. नोव्हेंबर चालू आहे. कुठं कापणी, कुठं कडपा वाळतोय, कुठं पुंजणे रचून झालेत. पुढं चिखला, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्ग हा मँगनीजचा पट्टा. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटनं या भागात मँगनीजच्या व्यवहाराला सुरुवात केली. त्याच व्यवहारातून १९६२ मध्ये आजची ‘मॉयल’ ही कंपनी उभी राहिली. इथल्या खडकांच्या एका थराला भूशास्त्रज्ञ सीतासावंगीच्याच नावानं ओळखतात. एवढं सव्वाशे वर्षांचं मोजमाप एका गावाभोवती साचलं की नकाशे एकमेकांशी भांडायला लागतात. ते भांडण मिटवणं हा माझा सध्याचा रोजगार.

सर्वेक्षणाची कामं घेणाऱ्या एका छोट्या कंपनीसाठी मी या पट्ट्याचा ब्राउझरमध्ये उघडणारा नकाशा बनवतोय. शेतांचे गट, रस्ते, खाणपट्ट्याच्या सीमा, ड्रोननं काढलेली चित्रं, सगळं एकावर एक. आजचं काम त्यातल्या सगळ्यात लहान गोष्टीचं, उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीचं. नकाशावर बाण जिथं न्याल तिथले सहनिर्देशक त्यात दिसले पाहिजेत. ओपनलेयर्स या नकाशाच्या लायब्ररीत त्यासाठी तयार सोय आहे, लीफलेटमध्येही चार ओळींत होतं. पण आकडे कुठल्या मापात दाखवायचे, हे कुठलीच लायब्ररी सांगत नाही. त्यासाठी शेतात जावं लागतं.

७.४५

सीमेच्या पिलरजवळ तिपाई लागली आहे. सर्व्हेअर काकांनी डीजीपीएसचा बेस लावला, रोव्हर पोराच्या हातात दिला आणि स्वतः बिडी पेटवली. काका भंडाऱ्याकडचेच. वाक्याच्या शेवटी ‘जी’ लावल्याशिवाय त्यांना थांबता येत नाही.

“लिवा जी. ईस्टिंग...”

त्यांचे आकडे तीन लाख सत्तर हजारांच्या घरातले. नॉर्थिंग तेवीस लाख त्र्याऐंशी हजारांच्या आसपास. अक्षांश-रेखांश ते सहसा बोलत नाहीत. अंशांतून दोन पिलरमधलं अंतर काढायचं तर कॅल्क्युलेटर फुटेल, मीटरमध्ये नुसती वजाबाकी होते, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे.

हे आकडे कुठून येतात ते एकदा समजून घेतलं की पाठ करावे लागत नाहीत. यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडलेले असतात. ७८ ते ८४ अंश पूर्व हा ४४वा पट्टा. त्याच्या मधल्या रेषेला, म्हणजे ८१ अंशाला, शून्य न म्हणता पाच लाख मीटर म्हणतात. पश्चिमेकडं उणे आकडे येऊ नयेत एवढ्यासाठी. चिखला त्या रेषेच्या पश्चिमेला साधारण १३० किलोमीटर. पाच लाखांतून ते वजा केलं की उरतात तीन लाख सत्तर हजार. नॉर्थिंग म्हणजे विषुववृत्तापासूनचं अंतर, इथं सुमारे २,३८३ किलोमीटर.

आता घोळ असा की महाराष्ट्र या पट्ट्यांत दुभंगतो. ७८ अंशाची रेषा विदर्भातून जाते. अमरावती शहर ४३मध्ये, नागपूर-भंडारा ४४मध्ये. पुण्या-मुंबईत शिकलेली पोरं सवयीनं ४३ लिहून मोकळी होतात. आकडे तसेच ठेवून फक्त ४४च्या जागी ४३ टाकला, तर चिखल्याचा पिलर सहा अंश पश्चिमेला सरकतो, म्हणजे सहाशे किलोमीटरच्या वर. तो पडतो नंदुरबारच्या अक्कलकुव्यापलीकडं, गुजरातेत सागबाऱ्याजवळ. संगणक चकार शब्द काढत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं दोन्ही जागा सारख्याच वैध आहेत.

१०.००

ड्रोनवाला दादा आला. त्याला ईस्टिंग चालत नाही. त्याच्या रिमोटवर दशांशातले अंश टाकावे लागतात. काकांनी वहीतून वाचून दाखवलं, “एकवीस तेहतीस.” ते २१ अंश ३३ मिनिटं म्हणाले. दादा २१.३३ टाकायला निघाला होता. ३३ मिनिटं म्हणजे अर्ध्या अंशापेक्षा जास्त. खरा दशांश आकडा २१.५५. फरक ०.२२ अंशाचा, जमिनीवर चोवीस किलोमीटरचा. म्हणून माझ्या चौकटीत पहिल्या ओळीत दोन्ही रूपं शेजारी-शेजारी आहेत, दशांशही आणि अंश-मिनिट-सेकंदही. खुणा ठसठशीत. अंशाच्या गोलाला आणि मिनिट-सेकंदाच्या रेघांना जागा कमी पडली तरी मी त्या कापत नाही.

दुसरं भांडण क्रमाचं. आपण शाळेपासून आधी अक्षांश, मग रेखांश म्हणतो. लीफलेटही तसंच मागतं. पण जिओजेसन फाइलमध्ये आणि ओपनलेयर्समध्ये आधी रेखांश. चिखल्याचे आकडे, २१.५५ आणि ७९.७५, उलटे टाकले तरी चालतात, कारण ७९.७५ हा अक्षांश म्हणूनही पृथ्वीवर आहे. तो थेट उत्तर ध्रुवाकडं नेतो, नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर. मुंबईचा रेखांश ७२च्या पुढं, नागपूरचा ७९, त्यामुळं महाराष्ट्रातलं कुठलंही गाव उलटं केलं की बर्फाच्या आसपास कुठंतरी जातं आणि चूक डोळ्यांना लगेच दिसते. ज्या देशांत दोन्ही आकडे जवळजवळचे असतात तिथं ती सहज दिसत नाही. तेवढ्यापुरते आपण नशीबवान.

११.३०

सावलीत बसून लॅपटॉप उघडला. बांधावरच्या झाडाखाली मोबाईलची रेंज येते, रस्त्याच्या कडेला येत नाही.

वेब नकाशाच्या पोटात एक वेगळंच प्रोजेक्शन असतं, त्याला वेब मर्केटर म्हणतात. २००५ साली गूगल मॅप्स आला आणि त्याच्यामागोमाग ते सगळीकडं पसरलं. पडद्यावर चौकोनी फरशा जुळवायला ते उत्तम. मोजायला मात्र वाईट. विषुववृत्तापासून दूर जाल तसं ते सगळं फुगवतं. चिखल्याच्या अक्षांशावर अंतरं साडेसात-आठ टक्क्यांनी मोठी होतात आणि क्षेत्रफळ सुमारे सोळा टक्क्यांनी. शंभर हेक्टरचा खाणपट्टा त्या मापात ११६ हेक्टर भरेल. तलाठ्यापुढं हा आकडा नेला तर तो सातबारा तोंडावर मारेल, आणि बरोबर करेल.

म्हणून वेब मर्केटरची ओळ मी चौकटीत ठेवलीच नाही. कंपनीतल्या एकानं विचारलं, “सगळेच ठेवतात, आपण काहून नाही?” कारण या आवारातल्या एकाही माणसाच्या कामात ते मीटर येत नाहीत. नकाशाला आतून लागतात ते आतच राहू देत. दाखवायला सोपं म्हणून एखादा आकडा दाखवणं ही या धंद्यातली सगळ्यात जुनी खोड आहे.

यूटीएमही निर्दोष नाही. इथं जमिनीवरचा किलोमीटर त्यात वीसेक सेंटिमीटर आखूड भरतो. आणि त्याची उत्तर खऱ्या उत्तरेपासून जवळजवळ अर्धा अंश कलते. किलोमीटरभर सरळ चाललात तर आठ मीटरचा फरक. पिलर मोजणाऱ्याला हे ठाऊक असतं. कंपास घेऊन येणाऱ्याला नसतं. चौकटीवर बोट दाबलं की ही दोन वाक्यं उघडतात, एवढी सोय केली आहे.

१.३०

जेवणाचा डबा. भात, वरण, तुरीच्या शेंगा. काकांनी आपल्या झोळ्यातून एक गुंडाळी काढली. भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी टोपोशीट, ५५ ओ मालिकेतली. तिच्यावरची अक्षांश-रेखांशाची जाळी आणि माझ्या मोबाईलवरची जाळी एकाच गावात एकमेकींवर बसत नाहीत.

कारण पृथ्वीचा आकार. जुनी शीट एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेली आहे आणि तिचा आरंभबिंदू मध्य प्रदेशात सिरोंजजवळच्या कल्याणपूरचा. मोबाईल डब्ल्यूजीएस-८४ वापरतो, त्याचा मध्य पृथ्वीच्या वस्तुमानाच्या मध्याशी जुळवलेला. दोन्हीकडं लिहिलेलं असतं ‘अक्षांश इतका, रेखांश इतका’. पण तेच आकडे एकीकडून दुसरीकडं उचलून ठेवले तर चिखल्यात जागा दीडशे मीटरहून जास्त सरकते.

एव्हरेस्ट हेही एकच माप नाही. १८३०चा मूळ आकडा भारतीय फुटांत होता. तो फूट किती मीटरचा, याचं उत्तर वेगवेगळ्या काळात वेगवेगळं घेतलं गेलं, म्हणून एव्हरेस्टच्या लंबगोलाच्या निरनिराळ्या आवृत्त्या फिरतात. हे आकडे ज्या जमीन-मोजणीतून आले ती विल्यम लॅम्ब्टननं १८०२ मध्ये मद्रासेत सुरू केली आणि ती उत्तरेकडं चढत असताना १८२३च्या जानेवारीत तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. ज्याच्या मोजणीतून एव्हरेस्टचे आकडे आले तो माणूस वर्धा जिल्ह्यात पुरलेला आहे, हे वैदर्भीय सर्व्हेअरांनाही फारसं ठाऊक नसतं. काकांना होतं. “जाऊन आलो जी,” एवढंच म्हणाले आणि शेंगा सोलत राहिले.

दीडशे मीटर म्हणजे नुसतं पुस्तकी अंतर नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये खनिज संवर्धन आणि विकास नियमांत दुरुस्ती झाली. वर्षाला दहा लाख टन किंवा त्याहून जास्त उत्खननाचा आराखडा असेल किंवा पट्टा पन्नास हेक्टर किंवा त्याहून मोठा असेल, तर दरवर्षी ड्रोनची चित्रं द्यावी लागतात, पट्ट्याची आणि सीमेबाहेरच्या शंभर मीटरची. लंबगोल आणि आरंभबिंदूच्या या पायाची, म्हणजे डेटमची, गफलत झाली तर ती शंभर मीटरची पूर्ण पट्टी एका बाजूनं गिळली जाते. त्याआधी, २०१६ मध्ये, उपग्रहाच्या चित्रांवरून सीमेबाहेरच्या पाचशे मीटरवर नजर ठेवणारी यंत्रणा सुरू झाली. ज्या नागपुरात हे सगळे कागद तपासणारं भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आहे, तिथल्या टेबलावर सीमा चुकीच्या डेटमनं पोचली तर पट्ट्यातलं खोदकाम बेकायदा दिसेल, किंवा बेकायदा खोदकाम पट्ट्यातलं दिसेल. दुसरं जास्त वाईट.

३.००

एव्हरेस्टची ओळ बसवायची वेळ. ब्राउझरमध्ये एका मापातून दुसऱ्यात नेण्याचं काम प्रोजफोर नावाची लायब्ररी करते. तिला प्रत्येक पद्धतीची व्याख्या एका ओळीत द्यावी लागते. कुठलं प्रोजेक्शन, कुठला लंबगोल, कुठला पट्टा. यूटीएम ४४ला ईपीएसजी क्रमांक ३२६४४ दिला की झालं. एव्हरेस्टला मात्र तीन आकडे आणखी लागतात, २९५, ७३६, २५७. दोन लंबगोलांचे मध्य तिन्ही दिशांनी किती मीटर दूर आहेत ते हे सांगतात. हे तीन आकडे गाळले तरी लायब्ररी कुरकुर करत नाही. ती मुकाट्यानं डब्ल्यूजीएसचेच अक्षांश-रेखांश एव्हरेस्टचे म्हणून परत देते. इंटरनेटवर फिरणाऱ्या व्याख्यांत हे तीन आकडे कुठं असतात, कुठं नसतात. म्हणून इथं उसनवारी करायची नाही, आकडे असल्याची खात्री करून मगच घ्यायचे.

आणि ते असले तरी भारतासारख्या मोठ्या देशाला तीन आकड्यांत बसवलेलं ते रूपांतर आहे. त्याची स्वतःचीच अनिश्चितता दहा-पंधरा मीटरची. अशा ओळीत सेंटिमीटर दाखवणं म्हणजे खोटं बोलणं. एव्हरेस्टची ओळ मी करड्या रंगात ठेवली, सेकंदांपुढं दशांश टाकला नाही, शेजारी ‘अंदाजे’ लिहिलं. जुन्या शीटवरची विहीर शोधायला एवढं पुरतं. पिलर रोवायला ती वापरायची नाही.

दशांशांचा मोह सगळ्याच ओळींना असतो. संगणक पंधरा स्थळं सहज देतो. पण अठराव्या झूमवर चिखल्यात पडद्याचा एक ठिपका जमिनीवर ५५ सेंटिमीटरचा असतो. बाणाचं टोक त्याहून बारीक काही सांगूच शकत नाही. अंशांना पाच दशांश म्हणजे साधारण एक मीटर. तिथं थांबायचं. यूटीएमला पूर्ण मीटर. काकांच्या रोव्हरला सेंटिमीटर कळतात, माझ्या बाणाला नाही. म्हणून पिलरचे अचूक आकडे पिलरवर टिचकी मारल्यावर वेगळे उघडतात, मोजल्याच्या तारखेसह.

४.१५

चौथी ओळ खाणीच्या स्वतःच्या जाळीची. चिखल्यात भूमिगत खाण आहे आणि जमिनीखाली उपग्रह पोचत नाही. तिथं टोटल स्टेशननं शाफ्टच्या तोंडापासून आत ठाण्यामागून ठाणं नेत मोजावं लागतं. जुन्या खाणींचे प्लॅन अशाच एका घरगुती शून्यापासून मोजलेले असतात. आकडे लहान, चार-पाच अंकी, उत्तर कधी चुंबकीय, कधी कुणाच्या तरी सोयीची. आमच्या हातात आलेल्या प्लॅनवर जाळी आहे, पण ती जगात कुठं बसते ते नाही.

त्यावर उपाय एकच. जमिनीवर अजून उभी असलेली आणि प्लॅनवरही असलेली ठिकाणं शोधायची, दोन्हीकडचे आकडे समोरासमोर मांडायचे आणि सरकवणं, फिरवणं, ताणणं यांचं मोजमाप काढायचं. दोन बिंदूंत गणित सुटतं, पण ते बरोबर सुटलं का ते कळत नाही. चार-पाच लागतात. आज काकांनी एक जुना कोपरा दाखवला, झुडपांत बुडालेला. तो धरल्यावर बाकीच्या बिंदूंचा मेळ बिघडला. काका वाकून पाहतात, माती चोळतात. “हा हलवलेला हाये जी. खाली चुना नवा हाये.” तो बिंदू यादीतून काढला. असला निर्णय संगणकाला घेता येत नाही.

५.३०

उजेड उतरतोय. गावातला एक मुलगा, बारावीचा असेल, आमचं पाहत उभा. त्यानं स्वतःच्या मोबाईलवर नकाशा उघडला आणि विचारलं, “आकडे कुठं आहेत जी?” मोबाईलवर बाणच नसतो. बोट टेकवलं की नकाशा सरकतो. चिखल्यात हा नकाशा संगणकावर पाहणारे थोडे, फोनवर पाहणारेच जास्त असणार. म्हणून फोनवर पडद्याच्या मधोमध एक बारीक अधिकचिन्ह ठेवलं आहे. नकाशा त्याच्याखालून सरकतो आणि आकडे त्या खुणेखालचे. आकड्यांवर बोट ठेवलं की पूर्ण ओळ नक्कल होते, डेटमच्या नावासकट. फक्त आकडे नक्कल करायची सोय मी मुद्दाम दिली नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारे नागडे आकडे या पट्ट्यात बरेच झालेत.

मुलानं आपलं घर शोधलं, मग त्यांची बांधी, मग मामाचं गाव, मध्य प्रदेशातलं. सीमा ओलांडली तरी पट्टा ४४च राहिला, यावर तो जरा हिरमुसला. त्याला वाटलं होतं राज्य बदललं की नंबरही बदलेल.

रात्री ८.००

तुमसरला खोलीवर. बाण हलेल तितक्या वेळा चारही ओळी नव्यानं मोजायच्या तर जुन्या फोनवर नकाशा अडखळतो. म्हणून पडदा एकदा रंगवला जाईल तेवढ्यात एकदाच मोजायचं, अशी गाठ मारली. मग तपासणी. काकांच्या वहीतले पिलर एकेक उघडायचे, बाण त्यावर न्यायचा, दुसऱ्या ओळीतले आकडे वहीशी जुळतात का पाहायचं. जुळतात, पडद्याच्या ठिपक्याएवढ्या फरकानं. एव्हरेस्टची ओळ टोपोशीटशी ‘अंदाजे’ जुळते. खाणीची ओळ हलवलेला कोपरा सोडून सगळीकडं मीटरच्या आत.

उद्या हा नकाशा नागपूरला जाईल. त्याच्याबरोबर जाणाऱ्या कागदावर शेवटची ओळ मी काकांच्याच सांगण्यावरून घातली आहे, आणि ती वाचकांसाठीही तशीच इथं देतो. कुणालाही एखादी जागा आकड्यांत पाठवाल, मग ती खाणीची असो, शेताची असो की विहिरीची, तर चार गोष्टी सोबत लिहा. डेटम कोणता, यूटीएम असेल तर पट्टा कोणता, आधी अक्षांश की आधी रेखांश, आणि आकडे कशानं मोजले. आणि हे नसलेले आकडे तुमच्याकडं आले, तर काही बांधू नका, खोदू नका, कुंपण घालू नका. आधी फोन करून विचारा.